सिंक्रोनाइझ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोग

वीजकेंद्रातील अभियंता 'यंत्र सिंक्रोनाइझ झाले' असे सांगतो. पशुवैद्यकीय अधिकारी गोठ्यातील गाई एकाच सुमारास माजावर याव्यात म्हणून औषध टोचतो आणि त्या उपायालाही हाच शब्द लावतो. चित्रपटाचे ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ 'आवाज सिंकमध्ये नाही' अशी तक्रार करतो, तर पंचायतीच्या कचेरीतील लेखनिक आपल्या संगणकावरील नोंदी मुख्यालयातील नोंदींशी 'सिंक' होण्याची वाट पाहत बसतो. शासकीय परिपत्रकांतही हा शब्द अधूनमधून डोकावतो. कधी मूळ रूपात, तर कधी समकालीकरण, समक्रमण, संकालन अशा भारदस्त वेषात. परंतु ज्याच्यासाठी परिपत्रक निघते त्या ग्रामस्थाला आपण नेमके काय करावयाचे आहे, याचा बोध त्यातून होतोच असे नाही. वास्तविक या शब्दाने सांगितलेले काम असे असते, की ते सर्वांना एकाच अर्थाने समजल्याशिवाय पार पडत नाही. म्हणून या क्रियापदाचा अर्थ, त्याचा वाक्यातील उपयोग आणि त्याला मराठीत योजावयाचे पर्याय यांचा विचार करणे अगत्याचे आहे.

शब्दाची घडण व उच्चार

हा शब्द ग्रीक भाषेतून आलेला आहे. 'सिन' म्हणजे सह किंवा बरोबर. अर्थाच्या दृष्टीने तो आपल्या 'सम्' या उपसर्गाच्या जवळ जातो. 'क्रोनोस' म्हणजे काळ. अखेरचा 'आइझ' हा प्रत्यय 'करणे' या अर्थाचा आहे. तेव्हा या शब्दाचा शब्दशः अर्थ 'काळाने एकत्र आणणे' असा होतो. घटनांची कालक्रमाने नोंद करणारा 'क्रॉनिकल', दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या दुखण्याचे 'क्रॉनिक' हे विशेषण आणि जहाजावरील अचूक घड्याळाचे 'क्रोनोमीटर' हे नाव ही सर्व याच कुळातील आहेत. शिक्षकांनी हे शब्द एकत्र शिकविल्यास विद्यार्थ्यांच्या ते सहज ध्यानात राहतील.

उच्चारात दोन चुका नेहमी आढळतात. कोणी 'सायंक्रोनाइझ' म्हणतो, तर कोणी 'सिंच्रोनाइझ'. स्पेलिंगमधील दुसरे अक्षर 'वाय' असले तरी येथे त्याचा उच्चार ऱ्हस्व 'इ' असा करावयाचा, आणि 'सी' व 'एच' ही अक्षरे मिळून 'क' असा ध्वनी होतो. शब्दाचा आघात पहिल्या अवयवावर, म्हणजे 'सिं'वर असतो. शेवटच्या अवयवात 'एस' लिहावे की 'झेड', असा प्रश्न विचारला जातो. ब्रिटिश लेखनात दोन्ही रूपे चालतात, अमेरिकन लेखनात 'झेड' रूढ आहे. एका लेखात किंवा एका पत्रात मात्र एकच पद्धत पाळावी. 'सिंक' हे संक्षिप्त रूप बोलण्यात व तांत्रिक कामात चालते. औपचारिक पत्रव्यवहारात पूर्ण शब्द लिहिणे इष्ट.

अर्थाची तीन अंगे

शब्दकोशात या क्रियापदाचा अर्थ 'वेळ जुळविणे' असा थोडक्यात मिळेल. पण तेवढ्याने काम भागत नाही. हा शब्द वाचनात आला, की तीन प्रश्न विचारावेत : कोणत्या दोन किंवा अधिक गोष्टी जुळवावयाच्या आहेत? त्या कशाच्या आधारे जुळवावयाच्या आहेत? आणि हा मेळ टिकविण्याची जबाबदारी कोणाची आहे?

एका शाळेत दोन घड्याळे आहेत असे समजू. मुख्याध्यापकांच्या खोलीतील घड्याळ दहा वाजून पाच मिनिटे दाखविते आणि त्याच क्षणी व्हरांड्यातील घड्याळात दहा वाजलेले असतात. व्हरांड्यातील घड्याळ पाच मिनिटे पुढे केले, की दोन्ही एकमेकांशी सिंक्रोनाइझ झाली. याचा अर्थ ती बरोबर झाली असा मात्र नाही. खरी वेळ दहा वाजून दहा मिनिटे असेल, तर दोन्ही घड्याळे सारखीच मागे आहेत. सगळ्या गावाची घड्याळे दहा मिनिटे मागे असली, तर गावात कोणाचा कोणाशी वाद होणार नाही, पण सकाळची बस मात्र सर्वांची चुकेल. म्हणून 'एकमेकांशी जुळविणे' आणि 'प्रमाण वेळेशी जुळविणे' यांतील भेद नीट ओळखला पाहिजे. शिवाय कोणतेही घड्याळ थोडे पुढे किंवा मागे सरकत असते. एकदा जुळविले म्हणजे झाले, असे होत नाही. ठरावीक काळाने ते पुन्हा पाहावे लागते.

वाक्यातील उपयोग

हे क्रियापद बहुधा सकर्मक असते. 'प्लीज सिंक्रोनाइझ युवर वॉचेस' म्हणजे 'कृपया आपापली घड्याळे एकमेकांशी मिळवून घ्या.' ज्याच्याशी जुळवावयाचे ते सांगताना 'विथ' हे शब्दयोगी अव्यय वापरतात. 'वुई सिंक्रोनाइझ्ड द स्कूल क्लॉक विथ स्टँडर्ड टाइम' म्हणजे 'आम्ही शाळेचे घड्याळ प्रमाण वेळेशी मिळवून घेतले.' क्वचित ते अकर्मकही असते. 'द साउंड अँड द पिक्चर डू नॉट सिंक्रोनाइझ' म्हणजे 'आवाज आणि चित्र यांचा मेळ बसत नाही.' 'सिंक्रोनायझेशन' हे त्याचे नाम, 'सिंक्रोनस' हे विशेषण आणि 'असिंक्रोनस' हे त्याचे विरुद्धार्थी रूप होय.

या शब्दाची त्याच्या शेजारच्या तीन शब्दांशी गल्लत होते. दोन गावांच्या जत्रा पंचांगाप्रमाणे एकाच दिवशी आल्या, तर त्या 'कोइन्साइड' झाल्या. त्यात कोणी काही जुळविलेले नाही. दोन वाड्यांवर एकाच वेळी दोन सभा चालू असतील, तर त्या 'सायमलटेनियस' होत. त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. जत्रेसाठी मांडव कोणी घालावा, पाणी कोणी पुरवावे, दिवाबत्ती कोणी पाहावी, याची वाटणी करून कामे एकमेकांना पूरक करणे म्हणजे 'कोऑर्डिनेट' करणे, अर्थात समन्वय साधणे. परंतु फेरीबोट धक्क्याला लागते त्या सुमारास बस तेथे उभी असावी, अशा रीतीने दोघांचे वेळापत्रक हेतुपूर्वक बसविले, तर ते 'सिंक्रोनाइझ' केले असे म्हणावे. येथे बस व बोट एकाच क्षणी सुटत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. एकीची वेळ दुसरीच्या वेळेला बांधलेली आहे, हे महत्त्वाचे.

घड्याळांचा मेळ

पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. म्हणून रेखावृत्ताच्या एका अंशामागे स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. पूर्वी प्रत्येक मोठ्या शहराची वेळ निराळी होती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटे, तर कलकत्त्याची सुमारे पाच तास त्रेपन्न मिनिटे अशी होती. बैलगाडीच्या प्रवासात या फरकाने काही बिघडत नसे. आगगाडी आली आणि एकाच लोहमार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांसाठी एक वेळ असणे हा जीवन-मरणाचा प्रश्न झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. तीच वेळ मुंबईच्या जनजीवनावर लादण्याचा सरकारी प्रयत्न मात्र लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली, ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास असलेली भारतीय प्रमाण वेळ लागू झाली. मुंबईकरांना आपली घड्याळे ३९ मिनिटे पुढे करावी लागणार होती. गिरणी कामगारांत असंतोष उसळला, नगरपालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ ठेवली, आणि शहरातील ही दुहेरी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकून राहिली. घड्याळाचे काटे फिरविण्यास क्षणभर पुरतो. लोकांचे मन वळविण्यास मात्र मुंबईत चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आज देशाची प्रमाण वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने राखते. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याही सिझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवरून केली जाते. या एका वेळेसाठी प्रत्येक गावाने आपली थोडी वेळ सोडून दिलेली आहे. वर्षभराची सरासरी घेता सूर्य माथ्यावर येतो तेव्हा प्रमाण वेळेच्या घड्याळात पणजीस सुमारे १२ वाजून ३५ मिनिटे, बेळगावास १२ वाजून ३२ मिनिटे, इंदुरास १२ वाजून २७ मिनिटे आणि हैदराबादेस १२ वाजून १६ मिनिटे झालेली असतात. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून हे गणित करवून घेण्यासारखे आहे.

शिरगणतीतील एक क्षण

आपल्या देशाच्या शासकीय भाषेत या शब्दाचे विशेषण फार पूर्वीपासून वापरात आहे. १८६७ ते १८७२ या काळात निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी शिरगणती झाली. त्यामुळे एका प्रांतात मोजलेला माणूस दुसऱ्या प्रांतात पुन्हा मोजला जाण्याचा, किंवा कोठेच न मोजला जाण्याचा संभव होता. हा दोष टाळण्यासाठी १७ फेब्रुवारी १८८१ रोजी जी गणना झाली, तिला पहिली 'सिंक्रोनस' शिरगणती म्हणतात. तेव्हा एका रात्रीत गणना पुरी करण्याची पद्धत होती. त्यासाठी गणकांची प्रचंड फौज एकाच रात्री उभी करावी लागे. १९४१ पासून ती पद्धत सोडून देण्यात आली.

मग पुढील गणना 'सिंक्रोनस' राहिली नाही काय? राहिली. २०११ च्या जनगणनेत गणक ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत घरोघर जात होते. परंतु १ मार्च २०११ चे शून्य तास हा संदर्भक्षण ठरलेला होता. बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, आणि १ ते ५ मार्च या काळात पुन्हा फेरी मारून त्या क्षणापूर्वी झालेले जन्म व मृत्यू यांच्या दुरुस्त्या करण्यात आल्या. गणनेचे हे काम ज्यांनी केले त्यांत शिक्षक मोठ्या संख्येने होते. २५ फेब्रुवारीला मोजलेल्या घरी २७ तारखेला बाळ जन्मले असेल, तर त्याची नोंद झाली पाहिजे. २ मार्चला जन्मले असेल, तर होता कामा नये. काम वीस दिवस चालले, पण चित्र एका क्षणाचे तयार झाले. या शब्दाचे मर्म येथे सर्वांत स्पष्ट दिसते. सर्वांनी एकाच क्षणी हात हलवावेत असा त्याचा आग्रह नाही. सर्वांनी एकच संदर्भ मानावा असा आहे. तो संदर्भ ज्या गणकाला कळला नाही, त्याच्या वस्तीचा आकडा चुकतो, आणि मग शाळा, दवाखाना, शिधा यांचे हिशेबही चुकतात.

विजेचा मेळ

आपल्याकडील प्रत्यावर्ती वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. एका जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे, ती कोळशावर चालोत की पाण्यावर, या एका लयीला बांधलेली असतात. नवे जनित्र जोडण्यापूर्वी त्याचा विद्युतदाब, आवर्तनांची गती, कलांचा क्रम आणि त्या क्षणाची कला या चारही गोष्टी जाळ्याशी जुळल्या पाहिजेत. त्यासाठी 'सिंक्रोस्कोप' नावाचे उपकरण असते. त्याचा काटा गरगर फिरत असेल तर जोडणी करावयाची नाही. तो अगदी सावकाश फिरत घड्याळातील बाराच्या जागी येऊ लागला, की जोडणी करावयाची. घाई झाली तर यंत्राच्या दांड्याला व वेटोळ्यांना जबर धक्का बसतो आणि लाखमोलाचे यंत्र निकामी होऊ शकते.

दक्षिण भारताचे वीजजाळे कित्येक वर्षे उर्वरित देशाशी अशा रीतीने जुळलेले नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करून व पुन्हा उलटवून वीज पलीकडे धाडली जाई. म्हणजे देवघेव होती, लय मात्र निराळी होती. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याशी सिंक्रोनाइझ करण्यात आले आणि देशात एक आवर्तन असलेले एकच जाळे निर्माण झाले. अशा जाळ्यात एकाची तूट दुसरा भरून काढतो. तसाच एकाचा बेशिस्तपणा सर्वांना भोवतो. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारतात जो अंधार पसरला, त्याची झळ साठ कोटींहून अधिक लोकांना पोहोचली, हे येथे विसरून चालणार नाही.

शेत, गोठा आणि गाव

शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाही. गोव्यातील खाजन शेतीत बांधावरील मानस भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटते व ओहोटी लागताच उघडते. त्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही आणि साचलेले पाणी बाहेर जाते. समुद्राच्या लयीशी दरवाजाची लय बांधण्याची ही युक्ती कोणत्याही इंग्रजी शब्दावाचून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे.

भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी लगतच्या शेतांतील लावणी सुमारे तीन आठवड्यांच्या आत उरकावी, असा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. लावण्या मागेपुढे झाल्या, तर एका शेतातील पीक जून झाल्यावर किडीला शेजारी कोवळे पीक आयते मिळते व तिच्या पिढ्या वाढत जातात. ज्वारीवरील खोडमाशीच्या बाबतीतही परिसरातील पेरणी एकाच सुमारास करणे हिताचे ठरते. येथे एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणाला मर्यादा पडते. शेजाऱ्याशी वेळ जुळली तरच त्याला फळ मिळते.

गोठ्यातील उपयोग थोडा निराळा आहे. गाय सामान्यतः एकवीस दिवसांनी माजावर येते. योग्य अवस्थेतील गाईंना संप्रेरकाचे इंजेक्शन दिले, तर त्या साधारणपणे दोन ते चार दिवसांत माजावर येतात. त्यामुळे कृत्रिम रेतनाचा दिवस आधी ठरविता येतो आणि पशुवैद्यकाचा एक फेरा अनेक गाईंना पुरतो. मात्र गाभण गाईला हे औषध दिले गेल्यास गर्भपाताचा धोका असतो; म्हणून तपासणीवाचून ते कदापि देऊ नये.

सार्वजनिक आरोग्याचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १९९५ पासून देशभर ठरावीक दिवशी लहान मुलांना पोलिओचा डोस देण्याची मोहीम सुरू झाली. एकाच वेळी बहुसंख्य बालके सुरक्षित झाली, की विषाणूला एका मुलातून दुसऱ्यात जाण्यास वाट उरत नाही. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या देशासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

मराठी पर्याय कसा निवडावा

या क्रियापदाला सर्वत्र लागू पडेल असा एकच मराठी शब्द शोधणे योग्य नव्हे. घड्याळाच्या संदर्भात 'मिळविणे' किंवा 'लावून घेणे' हे घरोघरीचे शब्द आहेत. वेळापत्रकाच्या बाबतीत 'वेळा जुळविणे' पुरेसे आहे. आवाज व चित्र, कवायतीची पावले, यंत्राचे भाग यांच्या बाबतीत 'मेळ बसविणे' किंवा 'ताल जुळविणे' शोभते. संगणकातील नोंदींसाठी 'दोन्हीकडील नोंदी सारख्या करून घेणे' असे सरळ लिहावे. 'समकालीकरण' व 'समक्रमण' हे शब्द तांत्रिक अहवालात व पाठ्यपुस्तकात राहू द्यावेत. तेथे त्यांची गरज आहे.

आपल्या संगीताने तर या कल्पनेला फार सुंदर नाव दिलेले आहे. गायक आलापीत कितीही दूर गेला, तबलजीने कितीही गुंतागुंतीचे बोल वाजविले, तरी दोघे समेवर एकत्र येतात. गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून ते सर्व अचूक समेवर आणीत. याच सामर्थ्यामुळे ते लयभास्कर म्हणून ओळखले गेले. 'समेवर येणे' हा शब्दप्रयोग या इंग्रजी क्रियापदाचा गाभा जितक्या थोडक्यात सांगतो, तितका अन्य कोणताही पर्याय सांगत नाही. चित्रपटवाल्यांची लाकडी पट्टी हीसुद्धा एक समच आहे. तिची दोन फळकुटे मिटताना चित्रात दिसतात आणि त्याच क्षणीचा 'टक्' असा आवाज ध्वनिपट्टीवर उमटतो. संकलक त्या दोन खुणा जुळवितो आणि पुढचा सारा आवाज ओठांवर बसतो.

परिपत्रक लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी आरंभी सांगितलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यातच द्यावीत. 'लावणीच्या कामाचे समकालीकरण करण्यात यावे' असे लिहिले, तर ते वाचून फलकावर लटकत राहील. त्याऐवजी 'या बांधाखालील सर्व शेतकऱ्यांनी अमुक तारखेपासून तीन आठवड्यांच्या आत लावणी पुरी करावी. पाण्याची पाळी ग्रामसभेत ठरवावी' असे लिहिले, तर त्यात कोणी, केव्हा व कसे हे सर्व आले. इंग्रजी शब्द न वापरताही त्याचा अर्थ पुरेपूर उतरला.

अभ्यासासाठी

शिक्षकांनी पुढील प्रश्न वर्गात किंवा प्रौढ शिक्षणाच्या केंद्रात चर्चेसाठी घ्यावेत.

१. आपल्या शाळेतील, पंचायतीतील व देवळातील घड्याळे एकाच दिवशी पाहून त्यांतील फरक लिहा. ती एकमेकांशी जुळतात काय? प्रमाण वेळेशी जुळतात काय?

२. आपल्या गावचे रेखावृत्त नकाशावरून काढून प्रमाण वेळेपेक्षा स्थानिक वेळ किती मिनिटांनी मागे अथवा पुढे आहे, याचे गणित करा.

३. 'द बस टाइमिंग्ज आर सिंक्रोनाइझ्ड विथ द फेरी' या वाक्याचे, 'समकालीकरण' हा शब्द न वापरता, मराठीत भाषांतर करा.

४. सायमलटेनियस, कोइन्साइड, कोऑर्डिनेट व सिंक्रोनाइझ या चार शब्दांसाठी गावातील प्रत्येकी एक उदाहरण द्या.

५. गावातील असे एक काम सांगा, की जे प्रत्येकाने आपापल्या सवडीने केले तर वाया जाते आणि वेळ जुळवून केले तर सर्वांच्या उपयोगी पडते. ती वेळ कोणी ठरवावी व सर्वांना कशी कळवावी, हेही लिहा.